‘निवारण’ : एका कायद्याच्या शीर्षकातील शब्द

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळासंबंधी संसदेने २०१३ मध्ये संमत केलेल्या अधिनियमाचे शीर्षक हिंदी व मराठी या दोन भाषांत ताडून पाहिले असता एक भेद ध्यानात येतो. कायद्याची तीन कार्ये शीर्षकातच कंसात नमूद आहेत. हिंदीत ती ‘निवारण, प्रतिषेध और प्रतितोष’ अशी आहेत; महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात ‘प्रतिबंध, मनाई व निवारण’ अशी. म्हणजे ‘निवारण’ हा एकच तत्सम शब्द हिंदीत गैरवर्तन घडू न देण्याचा वाचक आहे, तर मराठीत घडलेल्या गैरवर्तनाची दाद लावण्याचा. हा भेद केवळ परिभाषाकोशापुरता मर्यादित नाही. ही दोन कार्ये परस्परांपासून कितपत वेगळी करता येतात, हा प्रश्न त्यामागे आहे.

पूर्वी अशा वर्तनाला नाव नव्हते असे नाही. होते ते अपुरे होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३५४ वे कलम विनयभंगाचे. त्या शब्दाच्या केंद्रस्थानी स्त्रीचा विनय असल्यामुळे चौकशीचा रोख सहजच तिच्या शीलाकडे व वेषाकडे वळे. व्यवहारातील ‘छेडछाड’ हा शब्द तर अपराधाला थट्टेच्या पातळीवर आणतो. ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा आल्यावर मूळ प्रश्नच बदलला : ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते काय? अधिनियमाची व्याख्या याच कसोटीवर उभी आहे. नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखविणे हे सर्व तीत येते.

या परिवर्तनामागे राजस्थानातील भटेरी गावची घटना आहे. शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. अत्याचार कामामुळे ओढवला होता; परंतु काम देणाऱ्याचे उत्तरदायित्व कोणत्याही कायद्यात स्पष्ट नव्हते. स्त्री-संघटनांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निर्णय देऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचे पालन होत नसल्याकडे पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाचे लक्ष वेधले. त्या प्रकरणाचा निकाल २०१२ मध्ये लागला. अधिनियम ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला.

अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया असून चालत नाही, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो. वरिष्ठांच्या दडपणाला आळा बसावा हा या शेवटच्या अटीचा हेतू. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते. समेट तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होऊ शकतो, आणि तोही पैशाच्या मोबदल्यावर नव्हे. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. लहान आस्थापनांसाठी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. तक्रार लेखी असावी, परंतु जिला लिहिता येत नाही तिला ती लिहून काढण्यास समितीने साहाय्य केले पाहिजे. अनुभवाचे कागदावर रूपांतर होताना ‘त्रास दिला’, ‘वाईट बोलला’ असे मोघम शब्द उरले, तर चौकशीच्या हाती काहीच लागत नाही. ‘विनय’, ‘अब्रू’ हे शब्द लेखनिकाने आपल्या पदरचे घातले, तर जुना प्रश्न नव्या कागदावर परत येतो. तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरविणे हे म्हणूनच न्यायाचे पहिले कर्तव्य ठरते.

प्रतिबंधाची जबाबदारी मालकावर आहे : छळाचे परिणाम व समितीची माहिती दर्शनी जागी लावणे, कर्मचाऱ्यांसाठी प्रबोधनवर्ग घेणे. मात्र तो फलक कामगारांना न कळणाऱ्या भाषेत असेल, तर तो कोणालाही सावध करीत नाही. तक्रारीची दखल घेतली जाते हे जेथे सर्वांना ठाऊक असते, तेथेच गैरवर्तनास धजणारा थबकतो. त्या दृष्टीने हिंदी आणि मराठी शीर्षकांतील ‘निवारण’ परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहे. मराठी अर्थाने ते झाले नाही, तर हिंदी अर्थाने ते होणार नाही.