जुन्या ट्रान्झिस्टरला ब्लूटूथ जोडताना

पुण्याच्या जुन्या बाजारात मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने ट्रान्झिस्टर अजूनही मिळतात. बरेच हौशी लोक ते आणतात, आतलं सगळं उपसून टाकतात आणि रिकाम्या खोक्यात तयार ब्लूटूथ स्पीकर बसवतात. दिसायला ते छान दिसतं, पण मला पटत नाही. रेडिओचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर धड असेल, तर मोबाइलमधलं गाणं त्यातूनच वाजतं आणि रेडिओही रेडिओच राहतो. मात्र गाणं आत कुठून सोडायचं, हे नीट कळायला हवं.

पुणे आकाशवाणीचं उदाहरण घेऊ. ती मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. काटा तिथे आणला की फेराइट रॉडवरची कॉइल आणि गँग कंडेन्सर मिळून तेवढीच लहर निवडतात. त्याच वेळी रेडिओतला ऑसिलेटर १२४७ किलोहर्ट्झची स्वतःची लहर तयार करतो. दोन्ही मिसळल्या की त्यांच्यातला फरक हाती येतो, ४५५ किलोहर्ट्झ. दुसरं स्टेशन लावलं तरी फरक तोच राहतो, कारण गँगचे दोन्ही भाग एकाच दांड्यावर फिरतात. पत्र्याच्या चौकोनी डब्यांतल्या आयएफ कॉइल्स या एकाच वारंवारतेला जुळवलेल्या असतात, आणि म्हणूनच हा रेडिओ शेजारशेजारची स्टेशनं इतकी स्वच्छ वेगळी करतो. (त्या डब्यांच्या टोकावरचे स्क्रू कधीही फिरवू नयेत. जुळणी एकदा बिघडली की उपकरणांशिवाय परत बसवणं फार कठीण.) त्यानंतर डायोड येतो आणि लहरीवर स्वार झालेला आवाज वेगळा काढतो. इथपर्यंत रेडिओलहर, इथून पुढे निव्वळ आवाज. तो आधी व्हॉल्यूम कंट्रोलवर येतो आणि मग अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. आपण शिरायचं ते या व्हॉल्यूम कंट्रोलवर.

त्याला तीन टोकं असतात. मागे आणखी दोन दिसली, तर ती चालू-बंद करण्याच्या स्विचची. मधलं टोक अ‍ॅम्प्लिफायरकडे जातं, कडेच्या दोनांपैकी एक ग्राउंडला आणि दुसऱ्यावर डायोडकडून आवाज येतो. ओळखायची सोपी रीत आहे. रेडिओ बॅटरीवर चालू ठेवून आवाज निम्म्यावर आणा आणि स्क्रूड्रायव्हरच्या धातूला बोट लावून त्याचं टोक एकेका ठिकाणी टेकवा. ग्राउंडवर काहीच ऐकू येत नाही, बाकी दोन्हींवर घुर्र असा आवाज येतो. हा प्रयोग फक्त बॅटरीवरच्या रेडिओवर करायचा. व्हॉल्व्हच्या रेडिओत शंभर-दोनशे व्होल्ट खेळत असतात आणि काहींत तर चेसिस थेट घरच्या विजेला जोडलेली असते. त्यात हात घालू नये.

आता डायोडकडून येणारी वायर व्हॉल्यूम कंट्रोलवरून डाख वितळवून सोडवा, कापू नका. व्हॉल्यूम कंट्रोलचं ते टोक एका दुहेरी स्विचच्या मधल्या पायाला जोडा. एका बाजूला रेडिओची सोडवलेली वायर, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ मॉड्यूल. मॉड्यूलमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात, रेडिओला मात्र एकच स्पीकर आहे. म्हणून दोघांना प्रत्येकी १० किलोओहमचा रेझिस्टर लावून पुढे एकत्र करायचं. थेट जोडले तर दोन्ही आउटपुट एकमेकांवर ताण देतात. पुढे १ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर लावला की डीसी अडते आणि फक्त गाणं पुढे जातं. आवाज कमी ठेवूनही फाटत असेल, तर रेझिस्टर ४७ किलोओहमचे घालून पाहा.

मॉड्यूलचं ग्राउंड रेडिओच्या ग्राउंडलाही जोडावं लागतं, आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती या ग्राउंडपाशी. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या बऱ्याच रेडिओंत ग्राउंड म्हणजे बॅटरीचं धन टोक असतं. मॉड्यूलचं ग्राउंड ऋण. दोघांना एकाच बॅटरीवर चालवून ग्राउंड जोडलं, तर सरळ शॉर्ट होतं. मॉड्यूलला स्वतःचा वेगळा लिथियम सेल आणि चार्जिंग बोर्ड दिला की ही भानगडच उरत नाही. मॉड्यूलची किरकिरही मग बॅटरीच्या वाटेने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत नाही.

हे करून गाणं लावलं की सुखद आश्चर्य वाटतं. मध्यम लहरींवरची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, त्यामुळे आयएफ कॉइल्स आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग छाटतात. आपण त्यांच्या पुढे शिरलो आहोत. त्या स्पीकरमधून कधी ऐकू न आलेले झांजांचे आणि सतारीचे बारकावे आता येतात, तरी जुन्या कागदी शंकूची ऊब कायम असते.

स्विच दुहेरी घेतला तो एवढ्यासाठी, की त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने मॉड्यूलचा सेल तोडता येतो. रेडिओ ऐकताना मॉड्यूल चालू राहिलं, तर त्याची खरखर फेराइट रॉड पकडतो. म्हणून मॉड्यूल बसवतानाही ते रॉडच्या विरुद्ध टोकाला ठेवा.