दोन नाण्यांएवढी गादी, एकोणीस मालगाड्यांचा भार

जून 2022. अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग अंथरला गेला. 720 माणसं रात्रंदिवस राबली आणि गिनेस बुकात नोंद झाली. आता आपल्याच गुडघ्यात डोकावू. तिथेही हाडांवर एक थर आहे. पांढरा, गुळगुळीत, दोन ते चार मिलिमीटर जाड. म्हणजे एकावर एक ठेवलेली रुपयाची दोन नाणी! डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात, आपण गुडघ्याची गादी म्हणतो. तिचे मुख्य तंतू कोलॅजेनचे. त्यांतले निम्मे बदलायला किती काळ लागतो? मोजलं तर उत्तर आलं, शंभराहून जास्त वर्षं. त्वचेतलं कोलॅजेन हेच काम पंधरा वर्षांत उरकतं. रस्त्याला पाच दिवस पुरले, गादीला माणसाचा जन्म पुरत नाही.

आणि भार केवढा! शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला पायी जाते. वाट सातशे किलोमीटरच्या घरातली. मुंबई ते पुणे रेल्वेने 192 किलोमीटर, म्हणजे तसल्या साडेतीन खेपा पायी. पाऊल 70 सेंटिमीटरचं धरा, झाली दहा लाख पावलं. एका पायाच्या वाट्याला पाच लाख. सपाट रस्त्यावरही दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो. कृत्रिम गुडघ्यात मापकं बसवून हे मोजलेलं आहे. 60 किलोच्या वारकऱ्यासाठी तो झाला दीड क्विंटल. गुणिले पाच लाख. साडेसात लाख क्विंटल! 75,000 टन! पारसच्या वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी 4,000 टनांची धरा. जवळजवळ एकोणीस मालगाड्या, एका गुडघ्यावरून, एका वारीत. परतीची पायपीट अजून धरलेलीच नाही.

थांबा, अजून आहे. 1980च्या दशकात बोस्टनमध्ये एका बाईंच्या कृत्रिम खुब्यात दाबमापकं बसवली होती. त्या खुर्चीतून नुसत्या उठल्या आणि खुब्यातल्या गादीवरचा दाब गेला हवेच्या दाबाच्या 180 पट. तेवढा दाब पाण्याने द्यायचा तर विहीर हवी 1,800 मीटर खोल. आपल्याकडच्या पन्नास फुटी विहिरी एकाखाली एक लावा, जवळजवळ 120 लागतील. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंच. ही विहीर त्याहून खोल!

गादी इतकं सोसते कशी? वऱ्हाडची काळी माती आठवा. पाऊस पडला की फुगते, वैशाखात भेगाळते. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, तो क्षार धरून ठेवतो आणि क्षार पाणी ओढतात. गादीतही तेच. एकेका साखरयुक्त रेणूवर शंभराच्या आसपास साखळ्या, सगळ्या ऋण भाराच्या, पाण्याला चिकटलेल्या. गादीच्या वजनात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. पाऊल पडलं की ते झिरपतं, उचललं की परत येतं.

पण दुरुस्तीला माणसं कुठं आहेत? रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे 50 लाख तांबड्या पेशी. गादीच्या तेवढ्याच तुकड्यात साधारण दहा हजार पेशी. तिथे रक्तवाहिनी नाही, नस नाही. हवेत 21 टक्के ऑक्सिजन, गादीच्या तळाशी जेमतेम एखाद टक्का. म्हणून तर इथली जखम आपसूक भरत नाही.

मला खरी थक्क करते ती या मोजक्या पेशींची जाण. त्यांना एकसारखं दाबून ठेवलं तर काम मंदावतं. तेच सेकंदाला एकदा हलकं दाबलं आणि सोडलं, तर त्या नवे तंतू, नवे रेणू घडवू लागतात. सेकंदाला एकदा म्हणजे आपल्या चालण्याचाच ताल! आणि रासायनिक निरोप? टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन प्रयोगशाळेत मिलिलिटरमागे 10 नॅनोग्रॅम घालतात. वीस फूट रुंदीच्या, चाळीस फूट पाण्याच्या तीन तुडुंब विहिरी घ्या. सगळं मिळून दहा लाख लिटर. त्यात सराफाच्या मापाने एक तोळा हे प्रथिन टाका. बाप्पा, एवढंच! पण त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये या प्रथिनाचे रेणू भरतात चोवीस हजार कोटी, आणि तेवढ्यावर पेशींना कळतं की गादी बनवायची आहे.

पेशींच्या याच जाणिवेवर दुरुस्ती उभी आहे. कमी भाराच्या कोपऱ्यातून दोन-तीनशे मिलिग्रॅम गादी काढायची, तांदळाच्या दहा-पंधरा दाण्यांएवढी. पेशी काही आठवडे वाढवायच्या, लाखांवरून कोटींवर न्यायच्या आणि जखमेत परत ठेवायच्या. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 मध्ये 23 रुग्णांवरचा अहवाल छापला. आपल्याकडे मुंबई-पुणे वाटेवरच्या लोणावळ्यात रीग्रो या कंपनीच्या प्रयोगशाळेत अशा पेशी वाढवल्या जातात. या उपचाराला 2017 मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली.

मात्र हा उपाय काही चौरस सेंटिमीटरच्या जखमेचा आहे, सगळा सांधा झिजल्यावरचा नाही. म्हणून खेळताना, पडल्यावर गुडघा सुजला, अडकू लागला, तर तेल चोळत वर्ष काढू नका. जखम नाण्याएवढी असतानाच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.