मिशनच्या शाळा आणि नीतिधैर्य

महाराष्ट्रातील ख्रिस्ती शिक्षणाचा आढावा घेताना शाळांची, वसतिगृहांची आणि पटावरील मुलांची गणती सहसा केली जाते. परंतु त्या शाळांच्या सहवासात आलेल्या माणसांच्या ठिकाणी अन्यायास तोंड देण्याचे बळ उत्पन्न झाले की नाही, आणि ते बळ प्रसंगी खुद्द चालकांविरुद्ध उभे राहिले तेव्हा काय घडले, हाच माझ्या मते खरा विचारणीय प्रश्न आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईस आले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस येथे पोहोचल्या, १८३९ साली अहमदनगरास गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले व १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. तथापि ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८७३ साली त्यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज कोणत्याही मिशनच्या दप्तरात जमा धरता येत नाही. तरीही माणसामाणसांतील भेद ईश्वरनिर्मित नाहीत, हा विचार तरुण वयात ज्यांच्या कानी पडला त्यांत ते होते, एवढे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला, ही गोष्टही याच प्रवाहातली.

या शिक्षणामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे झाकून ठेवणे मात्र सत्यास धरून होणार नाही. डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेतील दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा १८३९ साली झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. पालकांची भीती निराधार नव्हती.

या साऱ्या इतिहासात माझे मन ज्या एका व्यक्तीपाशी पुनःपुन्हा थांबते ती पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्यांनी त्यांना धर्मशिक्षण दिले त्यांच्याशीच त्यांचा वाद जुंपला. क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत समजल्यावाचून स्वीकारण्यास त्या राजी नव्हत्या. त्यांनी पुरुषांस शिकवू नये अशी हरकत हिंदुस्थानातील बिशपांनी घेतली, तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने मानली नाही. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांचे हे वर्तन अहंकाराचे वाटे. मला ते त्या शिक्षणाचे सर्वांत मोठे यश वाटते.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली, ती पुढील वर्षी पुण्यास नेली. विधवांच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही असे अभिवचन होते. परंतु रमाबाई दार उघडे ठेवून जी प्रार्थना करीत तिला मुली बसू लागल्या आणि १८९३ साली रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते, की त्या दोघांची तक्रार रास्त होती: आश्रितांसमोर केलेली प्रार्थना, दार कितीही उघडे असले, तरी सर्वस्वी निरुपद्रवी नसते. पण त्याच बाईंनी १८९७ साली, पुण्यात प्लेगचा कहर असताना, सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात उघडपणे लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप खोटे ठरविले. तरी रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, आणि त्यांनी केडगावास आश्रय दिलेल्या दुष्काळपीडित मुलींचे पालनपोषण पाश्चात्य ख्रिस्ती देणग्यांवर चालले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राची किंमत कळते.

आजही अनेक ख्रिस्ती शाळांत नीतिशिक्षणाचा तास असतो, आणि त्यात आज्ञाधारकतेचे धडे भरपूर असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील वाँटेजच्या वादाची पत्रे या शाळांच्या चालकांनी मराठीतून वरच्या वर्गांतील मुलामुलींपुढे ठेवावीत, आणि रमाबाईंचे कोठे चुकले व कोठे बरोबर होते हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.