उन्हाळी भेंडीचा वाफा

आमच्या घराच्या मागे मोरीपासून गोठ्यापर्यंत थोडी मोकळी जागा आहे. तिथे आमची परसबाग आहे. परसबाग म्हटले की तुम्हाला मोठी बाग वाटेल, पण ती आपल्या वर्गाच्या अर्धीसुद्धा नाही. कडेला दोन केळी, कढीपत्ता, अळू आणि मधे एक वाफा. त्या वाफ्यात आम्ही उन्हाळी भेंडी लावतो. बी लावणे सोपे आहे, ते कुणालाही येते. बी लावायच्या आधीचे काम अवघड आहे. ते काम मी या लेखात सांगणार आहे. मागच्या वर्षी मी ते चुकवले म्हणून मला ते चांगले माहीत झाले.

मागच्या वर्षी मी तिसरीत होते. मी आईला म्हणाले, या वेळी वाफा मीच करणार. एका रविवारी सकाळी मी जागा खणली, दुपारी गोठ्यातले ताजे शेण पाटीभर आणून कालवले आणि संध्याकाळी बी टाकून मोकळी झाले. मला वाटले, शेण जास्त तर भेंडी जास्त. वरून तीन हंडे पाणी ओतले. थोडीच रोपे वर आली. तीही पिवळी पडली आणि एकेक करून वाळली. उपटून बघितले तर मुळ्या वाळवीने खाल्लेल्या. तोपर्यंत आई रोज हातपंपावरून पाणी आणून घालतच होती. आमचा माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, फाल्गुनात हातपंपाला अर्धा तास हापसावे तेव्हा हंडा भरतो. आई मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बी गेलं त्याचं काय नाय गं, पाणी गेलं."

या वर्षी मी पुन्हा विचारले तेव्हा आई म्हणाली, "आधी वाफा आजीला दाव. ती बरा हाय म्हणली तरच पाणी घालीन." म्हणून या वर्षी सगळे आजीच्या पद्धतीने केले.

संक्रांत झाली की खणायला घ्यायचे. जमीन फार ओली असेल तर खणू नये. आमची माती काळी आहे, ओली खणली की ढेकळे होतात आणि ती वाळली की दगडासारखी होतात. फार कोरडी असली तर कुदळ उडते. मधल्या ओलीला वाफसा म्हणतात. माती मुठीत दाबायची, गोळा झाला पाहिजे आणि तो खाली टाकला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून दोन दिवस थांबायचे. मी एक वीतभर खोल खणले. खालची कडक माती आण्णांनी टिकावाने मोकळी करून दिली.

मग हरळी आणि लव्हाळा वेचायचा. हे सगळ्यात कंटाळवाणे काम आहे. हरळीचा बोटभर तुकडा राहिला तरी त्याला परत मुळ्या फुटतात. लव्हाळ्याच्या खाली काळ्या गाठी असतात, त्या न सापडता वरचे गवत उपटून उपयोग नाही. मी दोन दिवस वेचत होते, तरी आजीने येऊन आणखी मूठभर काढून दाखवल्या! वेचलेले उकिरड्यात टाकायचे नाही, नाहीतर ते खताबरोबर परत येते. आम्ही ते खडकावर उन्हात टाकले.

नंतर पंधरा दिवस वाफ्याला काहीच करायचे नाही. माती उन्हात तापू द्यायची. त्याने किड्यांची अंडी आणि कोष मरतात. मला रोज वाटायचे की आता बी टाकावे, पण आजी ऐकत नव्हती.

खत कुजलेलेच पाहिजे. ताजे शेण मातीत गेल्यावर कुजायला लागते, त्यात उष्णता होते आणि कोवळी मुळे खराब होतात. अर्धवट कुजलेल्या शेणाला, काडीकचऱ्याला वाळवीही येते. हे गुरुजींनी सांगितले. कुजलेले खत ओळखायची खूण अशी की ते हाताला गार लागते, भुसभुशीत असते आणि त्याला शेणाचा वास येत नाही, पाऊस पडल्यावर मातीला येतो तसा वास येतो. आम्ही उकिरड्याच्या तळातले तीन घमेली खत घातले, आणि आषाढात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या ठेचून दोन ओंजळी मिसळल्या.

वाफ्याचे माप आम्ही ३ मीटर लांब आणि १ मीटर २० सेंटिमीटर रुंद घेतले. रुंदी जास्त ठेवली तर मधल्या झाडापर्यंत हात पोचत नाही आणि आत पाय द्यावा लागतो. पाय दिला की केलेली माती परत दाबते. पावसाळ्यात गादीवाफा करतात, म्हणजे माती उंच, पाणी निघून जावे म्हणून. उन्हाळ्यात उलटे. वाफा सपाट आणि कडेने वरंबा, म्हणजे पाणी आतच राहते. तळ एकसारखा पाहिजे. तो बघायला मी एक तांब्या पाणी ओतले, ते सगळे केळीच्या बाजूला पळाले. मग तिकडे माती ओढून सारखे केले.

हे झाल्यावर आजी आली. तिने काठी खुपसून बघितली, थोडी माती हातात घेतली आणि आईला म्हणाली, "घाल पाणी."

पाणी आधी आणि बी नंतर, हे लक्षात ठेवा. बी टाकून वरून पाणी ओतले तर मातीवर पापडी धरते आणि कोंब वर येत नाही. आम्ही दहा हंडे पाणी सोडले, वाफसा येईपर्यंत थांबलो आणि मग महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी बी लावले. बी रात्रभर भिजत घातले होते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर अंतर. माझी वीत पट्टीने मोजली तर बरोबर १५ भरते, त्यामुळे पट्टी लागली नाही. एका ओळीत २० याप्रमाणे चार ओळींत ८० जागा झाल्या. प्रत्येक जागी दोन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल.

भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी आता आम्ही बादलीत साठवतो आणि वाफ्याला घालतो. साबणाचे पाणी केळीला जाते, वाफ्याला नाही. रोपे थोडी मोठी झाली की ओळींच्या मधे उसाचे पाचट पसरणार आहोत, म्हणजे ओल लवकर उडणार नाही.

सहाव्या दिवशी कोंब दिसले. काल शाळेत येण्याआधी मी मोजले, ६७ जागी रोपे आली आहेत. आई हंडा घेऊन पंपावर निघाली होती, ती परत वळली आणि तिनेही मोजली. तिची ६८ भरली. राहिलेल्या जागी आम्ही रविवारी नांग्या भरणार आहोत.