रात्रीचं वेल्डिंग, दुपारची आघाडी

मार्च १९९२. फ्लोरिडातल्या डेटोनाची मोटरसायकल शर्यत तोंडावर आली होती आणि इंजिन खोललं तर सिलिंडरच्या लायनरला तडा गेलेला. एखाद्या मोठ्या कंपनीच्या टीमने ट्रकमधलं दुसरं इंजिन उतरवून चढवलं असतं आणि सगळे हॉटेलात जाऊन झोपले असते. इथे तशी चैन नव्हती. गाडीचा कारखाना म्हणजे न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधला जॉन ब्रिटन आणि त्याची मूठभर दोस्तमंडळी. या इंजिनाचा लायनर जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणारा नव्हता. मग रात्र जागून तडा वेल्डिंगने बुजवायचा, एवढाच मार्ग उरला.

गॅरेजात काम केलेल्या कुणालाही विचारा, लायनरला वेल्डिंग म्हटलं की तो आधी मान हलवेल. उष्णता लागली की धातू ओढला जातो आणि गोलाई बिघडते. पिस्टनला तर केसाएवढाही बाक चालत नाही. म्हणजे वेल्डिंग मारायचं, वर आलेला भाग घासून काढायचा, माप घ्यायचं, पुन्हा घासायचं. एवढं करून तो जोड मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या इंजिनात टिकेल याची हमी कुणीच देत नाही. सकाळी इंजिन सुरू झालं आणि गाडी शर्यतीला उभी राहिली.

१९५० साली जन्मलेला ब्रिटन शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. डिस्लेक्सियामुळे लिहिण्यावाचण्याशी त्याचं फारसं जमलं नाही, पण हातात वस्तू आली की डोकं भराभर चालायचं. घराण्याचा मालमत्तेचा व्यवसाय सांभाळता सांभाळता त्याने काचेचे दिवे घडवले आणि जुन्या तबेल्याची इमारत स्वतः दुरुस्त करून तिचं घर केलं. मोटरसायकलींचा नाद त्याला होताच. सुरुवातीला त्याने दुसऱ्यांनी बनवलेलं इंजिन घेऊन त्यावर स्वतः घडवलेलं गाडीचं अंग चढवलं. ते इंजिन मनासारखं चालेना, तेव्हा त्याने इंजिनही आपणच बनवायला घेतलं. १९९१ साली डेटोनाच्या याच शर्यतीत त्याची आधीची गाडी पॉल लुईसने दुसऱ्या क्रमांकावर आणली. दुसरा क्रमांक म्हणजे पहिला क्रमांक दिसण्याइतकं जवळ जाणं. पुढच्या वर्षी ब्रिटन सर्वस्वी नवी गाडी घेऊन आला. तीच व्ही-१०००.

गाडीचा आकार कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटला नव्हता. ब्रिटनने लोखंडी तारा वाकवल्या, गरम गोंदाने एकमेकींना चिकटवल्या आणि तारांचा एक पिंजरा उभा केला. पटेना तो भाग उपटायचा, दुसरी तार लावायची. वारा कुठून आत येईल आणि कुठून निसटेल हे त्याने डोळ्याने आणि बोटाने ठरवलं. त्या पिंजऱ्यावरून कार्बन फायबरचं अंग तयार झालं. चाकंही कार्बन फायबरचीच, तीसुद्धा घरी केलेली. इतकी हिंमत त्या काळात मोठ्या कारखान्यांनीही सहसा केली नव्हती.

तिच्या पोटात डोकावलं की नवल वाढतं. साठ अंशांवर बसवलेले दोन सिलिंडर, हजार सीसीच्या आतलं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, थंडाव्यासाठी पाणी. ताकद जवळपास १६६ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १३८ किलो. चेसीला मात्र रजा. इंजिन हाच गाडीचा कणा, पुढचे-मागचे सगळे भाग त्यालाच टांगलेले. मागच्या चाकाचा शॉकअब्सॉर्बर इंजिनाच्या पुढे आणि त्याला जोडणाऱ्या दांड्या खालून मागे जातात. रेडिएटर सीटखाली. पुढून आत घेतलेला वारा पोकळीतून तिथपर्यंत आणला जातो, त्यामुळे गाडीचं तोंड अरुंद राहतं. पुढच्या चाकाला नेहमीचा टेलिस्कोपिक फोर्क नाही, दोन आडव्या भुजांवर टेकलेले कार्बनचे पाते आहेत. नेहमीच्या फोर्कवर जोराचा ब्रेक मारला की गाडी नाक खाली करते आणि वळणाच्या तोंडाशीच सस्पेन्शनची चाल संपलेली असते. इथे ब्रेकचा जोर बराचसा त्या भुजा झेलतात.

डेटोनाच्या या शर्यतीचं नाव ‘बॅटल ऑफ द ट्विन्स’. म्हणजे फक्त दोन सिलिंडरवाल्या गाड्या. चार सिलिंडरच्या जपानी गाड्या बाहेर राहिल्या की मैदान डुकाटीचं होतं. १९९० साली रेमंड रोशने आणि १९९१ साली डग पोलनने बोलोन्याच्या या कंपनीला सुपरबाइकचं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं होतं. डेटोनात १९९२ साली डुकाटीवर बसला होता कॅनडाचा पास्काल पिकॉट. ब्रिटनच्या गाडीवर होता न्यूझीलंडचाच अँड्र्यू स्ट्राउड.

हा ट्रॅक इंजिनाची दया करत नाही. एक फेरी साधारण पावणेसहा किलोमीटरची आणि तिचा मोठा हिस्सा एकतीस अंशांनी कललेल्या उंच वळणांवरून जातो. तिथे ॲक्सिलरेटर पिळून ठेवायचा आणि टायर, तेल, वेल्डिंग यांच्यापैकी आधी कोण नकार देतं ते पाहायचं. रात्रभर जागलेल्या माणसांच्या मनात त्या जोडाचं काय चाललं असेल, याची कल्पना करता येते.

जोड टिकला. स्ट्राउड पिकॉटच्या मागे लागला, आणि वळणातून बाहेर पडताना पुढचं चाक हवेत उचलून डुकाटीला मागे टाकू लागला. शर्यतीच्या चित्रणात आजही लोक तो क्षण पुन्हा पुन्हा पाहतात. चाक उचलणं हा स्टंट नव्हता. गाडी इतकी हलकी आणि इंजिन इतकं खेचणारं की चाक जमिनीवर राहणंच कठीण. घरी घडवलेली गाडी आघाडीवर होती.

आणि मग ती बंद पडली. लायनर शाबूत होता, दगा दिला रेक्टिफायरने.

रेक्टिफायर म्हणजे हातात मावणारा एक इलेक्ट्रिकचा भाग. अल्टरनेटर उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो, रेक्टिफायर तिला एका दिशेला वळवतो आणि बॅटरीला पोसतो. तो गेला की गाडी तत्काळ थांबत नाही. बॅटरीत जेवढी वीज साठली असेल तेवढ्यावर ती काही काळ धावते, आणि म्हणूनच हा बिघाड जास्त चिडवणारा. ब्रिटनच्या गाडीत इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारलं जाई आणि ठिणगीचंही नियंत्रण तसंच. वीज कमी पडू लागली की इंजिन अडखळतं, मग मान टाकतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात पेट्रोल निदान गुरुत्वाकर्षणाने तरी खाली येत राहायचं. इतक्या पुढच्या तंत्रज्ञानाच्या गाडीला असल्या क्षुल्लक सुट्या भागाने हरवावं, यात उपरोध आहे खरा. पण थोडा न्यायही आहे. इलेक्ट्रॉनिक्सवर जेवढं टेकाल तेवढं त्याचं ऐकावंच लागतं.

त्याच वर्षी हॉलंडमधल्या आसेनला त्याच स्ट्राउडने याच प्रकारच्या शर्यतीत विजय मिळवला. १९९३ मध्ये ब्रिटनच्या गाडीने १००० सीसीच्या गटात आधीच वेगात असताना मोजलेला मैल ताशी ३०२.७०५ किलोमीटर वेगाने कापून जागतिक विक्रम केला. डेटोनाचा हिशेब १९९४ ला फिटला. स्ट्राउड तिथे जिंकला, आणि १९९७ पर्यंत दरवर्षी जिंकत गेला.

या विजयांच्या यादीत १९९४ चा एक काळा दिवस आहे. आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीच्या सरावात मार्क फार्मर ब्रिटनच्या गाडीवर असताना अपघातात ठार झाला. त्या बेटावरचा रस्ता दगडी कुंपणांमधून जातो, चुकीला तिथे जागाच नाही.

१९९५ मध्ये ब्रिटनच्या गाड्यांनी मोटरसायकल शर्यतींच्या ‘बेअर्स’ मालिकेचं जागतिक विजेतेपद मिळवलं. स्ट्राउड पहिला, स्टीफन ब्रिग्ज दुसरा. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जॉन ब्रिटन कर्करोगाने गेला, वय अवघं पंचेचाळीस. व्ही-१००० मुळात दहाच बनल्या. त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे, आणि १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने मोटरसायकलींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्यातही या गाडीला जागा मिळाली. पुढच्या चाकाची ती भुजांची रचना अभियंता नॉर्मन हॉसॅकच्या कल्पनेशी नातं सांगणारी. तिच्याच जातकुळीची मांडणी बीएमडब्ल्यूने पुढे रस्त्यावरच्या के-१२०० मालिकेत आणली. बाकीचे बहुतेक कारखाने मात्र टेलिस्कोपिक फोर्कलाच चिकटून राहिले.