अर्धांगवायूस आमंत्रण देणारे विकार

विद्यार्थिमित्रहो, एखाद्या वृद्धाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, की "अंगावरून वारे गेले" असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. 'अर्धांगवायू' या नावातही वायू आहेच. परंतु या व्याधीत दोष वाऱ्याचा नसून रक्ताच्या प्रवाहाचा असतो, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

मेंदूस अखंड रक्तपुरवठा लागतो. रक्ताची गुठळी अडकून एखादी वाहिनी बंद पडली, अथवा वाहिनी फुटून रक्तस्राव झाला, तर मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. पैकी पहिला प्रकार अधिक आढळतो. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्यास बहुधा उजवे अंग लुळे पडते, आणि पुष्कळदा वाचाही जाते.

हा घाला अकस्मात येतो असे दिसते. पण त्याची तयारी कित्येक वर्षे चाललेली असते. त्यास कारण होणाऱ्या विकारांत अग्रस्थान रक्तदाबाचे. वाढलेल्या दाबाने वाहिन्यांच्या भिंती कठीण व दुबळ्या होतात. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच अधिक घातक. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन पावले. त्यांचा रक्तदाब अतिशय वाढलेला असल्याचे वैद्यांस ठाऊक होते. मात्र त्यावर गुणकारी औषध त्या काळी नव्हते. आज ते स्वस्तात मिळते, तरीही आपण ते घेत नाही, याला काय म्हणावे?

दुसरा विकार मधुमेह. रक्तातील वाढलेली साखर वाहिन्यांना आतून इजा करते. तिसरा, रक्तातील कोलेस्टेरॉलचा अतिरेक. त्याचे थर साचून मानेतील व मेंदूतील वाहिन्या अरुंद होतात. चौथा, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत रक्त साकळून गुठळी होते आणि ती थेट मेंदूकडे जाते. यामुळे धोका सुमारे पाचपट वाढतो. पाचवा सिकलसेल हा आनुवंशिक विकार. आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवांतही तो आढळतो, आणि त्यामुळे लहान मुलांनासुद्धा अर्धांगवायू होऊ शकतो. शेवटी, काही मिनिटे हात बधिर होऊन किंवा जीभ अडखळून पुन्हा सारे पूर्ववत झाले, तर तो ईश्वरकृपेने टळलेला प्रसंग समजून स्वस्थ बसू नये. ती धोक्याची घंटा होय. पुढील काही दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदार गृहस्थांस रक्तदाबाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. दोन महिन्यांनी "मला तर काहीच होत नाही" म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. पुढे एके सकाळी केळीच्या वाडीत त्यांच्या हातून कोयता गळून पडला. घरच्यांनी दुपारपर्यंत तेल चोळले. गृहस्थ वाचले, परंतु नातवाचे नाव त्यांना अद्याप उच्चारता येत नाही.

ते तास अमूल्य होते. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तत्पूर्वी मेंदूची सी. टी. तपासणी करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणून घरच्या घरी कोणतीही गोळी देऊ नये. तोंड वाकडे, हात दुबळा, बोलणे अस्पष्ट, यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे.

आपल्या परिसरात मिठागरे आहेत व ताटात सुके बोंबील आहेत. मिठाची आम्हांस वाण कधीच पडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी, मीठ पुरे. तंबाखू व मिश्री तर वर्ज्यच मानावी.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजीआजोबांस एवढेच विचारा: "रक्तदाब शेवटचा कधी तपासला? गोळी घेतली का?" या दोन प्रश्नांस पैसा लागत नाही, मात्र त्यांच्या उत्तरावर एका माणसाचा हात, त्याची वाणी आणि एका घराचे सुख अवलंबून असू शकते.