आधी शिट्टी, मग शेकोटी!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट्स आणि शनिवारी सोसायटीतल्या दहा-बारा टीनएजर्सना घेऊन थेट राजमाची? आयडिया झक्कास! पण लगेच बेअर ग्रिल्स होऊ नका. डोंगरात मुलांना स्टंट नाही, सवयी शिकवायच्या असतात.

पहिला धडा शिट्टीचा. प्रत्येकाच्या गळ्यात एक हवीच. वाट चुकली तर आहे तिथेच थांबायचं आणि थोड्या-थोड्या वेळाने तीन शिट्ट्या द्यायच्या. भटकत राहिलेला मुलगा सापडणं जास्त कठीण!

मग दोरी. सुरुवातीला एकच गाठ शिकवा, बोलाइन. ताण आला तरी तिचा फास आवळत नाही आणि काम झालं की ती सहज सुटते. डोळे मिटून जमेपर्यंत सराव करू द्या. तुमचे हात मात्र खिशात! तुम्ही बांधून दिलीत, की त्यांचं शिकणं संपलं.

उन्हाळ्याच्या रात्री सप्तर्षी दाखवा. त्यातल्या पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ तशीच पुढे वाढवली, की ध्रुव सापडतो, म्हणजेच उत्तर दिशा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसतो. हात लांब करून मोजायला लावा, मजा येते.

आणि शेकोटी? ती सगळ्यात शेवटी. जवळच्या कड्यावर आग्या मोहोळ असेल तर अजिबात नाही, कारण धुराने माश्या चवताळतात. डिओसुद्धा घरीच ठेवा. जागा बघून 'आज शेकोटी नको' असं मुलांपैकीच कुणी म्हणालं, की समजा, तुमची बॅच पास!